जुना फोन आबांना, जुना ब्राउझरही आबांनाच

खान्देशात फोनचा एक ठरलेला प्रवास असतो. पुण्यात नोकरीला लागलेला मुलगा नवा फोन घेतो आणि जुना आईला देतो, नाहीतर आबांना. कव्हर बदलतं, अक्षरं मोठी केली जातात. आत ब्राउझर कोणता आहे, तो शेवटचा कधी अपडेट झाला, हे कुणी बघत नाही. मग त्याच फोनवर केळीचे पैसे जमा झाले का ते बघणं, पीक विमा, सातबारा, बँक, सगळं सुरू होतं. माझं म्हणणं सरळ आहे: ब्राउझर निवडणं हा कॉम्प्युटरवाल्यांचा छंद नाही, तो घरातल्या पैशाचा विषय आहे. आणि आपल्याकडे ही निवड बहुतेकदा चुकीचे प्रश्न विचारून होते.

पहिला चुकीचा प्रश्न: फास्ट आहे का? नेट महाग आणि फोन साधे होते तेव्हा यूसी ब्राउझर याच एका गुणावर गावोगावी पोचला. कमी डेटा, झटपट डाउनलोड. मे २०१५ मध्ये टोरंटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबनं दाखवून दिलं की त्याच्या इंग्रजी आवृत्तीतून लोक काय शोधतात ते उघड्या पोस्टकार्डासारखं जात होतं. चिनी आवृत्तीतून तर फोनची ओळख आणि ठिकाणही नीट कुलूपबंद न करता पाठवलं जात होतं. भारतात या ब्राउझरवर बंदी आली ती २९ जून २०२० रोजी, गलवाननंतर, ५९ अ‍ॅपच्या यादीत. म्हणजे अहवालानंतर पाच वर्षांनी, आणि तीही सीमेवर तणाव वाढल्यावर. तोवर तुमच्या-माझ्या माहितीची काळजी कुणाला होती?

दुसरा चुकीचा प्रश्न: देशी आहे का? केंद्र सरकारनं २०२३ मध्ये भारतीय ब्राउझर बनवण्याची स्पर्धा जाहीर केली आणि मार्च २०२५ मध्ये झोहोला १ कोटीचं पहिलं बक्षीस मिळालं. आपल्याकडे ब्राउझर बनतोय, याचा मला आनंदच आहे. माझा विरोध ‘देशी म्हणजे सुरक्षित’ या उडीला आहे. प्रत्येक सुरक्षित वेबसाइटकडे एक डिजिटल ओळखपत्र असतं, आणि कुणी दिलेलं ओळखपत्र खरं मानायचं हे ब्राउझर ठरवतो. जुलै २०१४ मध्ये आपल्याच एनआयसी या सरकारी संस्थेच्या यंत्रणेतून गूगलच्या पत्त्यांची बनावट ओळखपत्रं निघाली. विंडोज आपल्या सरकारी मूळ प्रमाणपत्रावर विश्वास ठेवत होतं, त्यामुळे धोका तिथे होता. फायरफॉक्स विश्वासाची यादी स्वतःची ठेवतो, त्यात हे प्रमाणपत्र नव्हतं, म्हणून तो सुटला. पुढे क्रोमनं भारतीय ओळखपत्रांवर मर्यादा घातल्या. जळगावच्या सराफ बाजारात आपण सोन्याचा कस बघतो, सराफ कुठल्या गावचा ते विचारत नाही. इथे मात्र झेंडा बघून समाधान मानायचं?

तिसरा: कुलूप दिसतंय ना, इन्कॉग्निटो लावलाय ना? कुलपाचा अर्थ एवढाच की वाटेत कुणी वाचत नाही. पलीकडे बँक आहे की चोर, ते कुलूप सांगत नाही. चोरांच्या साइटलाही कुलूप मिळतं, म्हणून तर क्रोमनं सप्टेंबर २०२३ मध्ये ते चिन्हच बदललं. इन्कॉग्निटो तुमची हिस्ट्री घरातल्यांपासून लपवतो, वेबसाइटपासून नाही. त्यावरून गूगलवर अमेरिकेत खटला झाला आणि २०२४ च्या तडजोडीत कंपनीनं साठवलेल्या नोंदी नष्ट करायचं मान्य केलं.

मग बरोबर प्रश्न कोणता? दुरुस्ती किती लवकर निघते, आणि ती माझ्या फोनपर्यंत येते का? भोक प्रत्येक ब्राउझरमध्ये सापडतं. क्रोम काही आठवड्यांनी नवी आवृत्ती काढतो आणि ऑगस्ट २०२३ पासून दर आठवड्याला सुरक्षेची दुरुस्ती. पण अँड्रॉइड ८ आणि ९ च्या फोनसाठी क्रोम १३८ ही शेवटची आवृत्ती ठरली. ऑगस्ट २०२५ पासून नव्या क्रोमला किमान अँड्रॉइड १० लागतं. जुन्या फोनवर क्रोम उघडतो, पानं दिसतात, सगळं नेहमीसारखं वाटतं. फक्त भोकं बुजवणारा माणूस येणं बंद झालेलं असतं. शिवाय प्रत्येक नवी दुरुस्ती चोराला सांगते की जुन्यात भोक कुठे आहे.

गरिबाच्या फोनला संरक्षणही कमीच मिळतं. एका साइटनं दुसरीची माहिती चोरू नये म्हणून त्यांना वेगळं ठेवणारी सोय क्रोमनं २०१९ मध्ये अँड्रॉइडवर आणली, ती किमान २ जीबी रॅमच्या फोनसाठी.

म्हणून फोन घरी देण्याआधी सेटिंगमध्ये अँड्रॉइडची आवृत्ती बघा. ८ किंवा ९ असेल तर निदान फायरफॉक्स टाका. क्रोमनं हात काढल्यावरही त्याचं अपडेट तिथे येत राहिलं. त्यात जाहिराती अडवणारं एक्स्टेंशनही बसतं. ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे’ म्हणून आईला घाबरवणारी जाहिरात दिसलीच नाही, तर ती दाबली जाणार नाही. साइटना दिलेल्या नोटिफिकेशनच्या परवानग्या काढून टाका. आणि बँक मात्र त्या फोनवर ठेवूच नका, कारण ब्राउझर नवा असला तरी खालची सिस्टीम जुनीच राहते.

कुणी म्हणेल, भाऊ, लोक फसतात ते फोनवर ओटीपी सांगून आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके टाकून, त्यात ब्राउझर काय करणार? खरं आहे. ओटीपी स्वतः सांगितला तर कुठलाही ब्राउझर वाचवत नाही. पण लिंकवर बोट पडल्यानंतर आणि पैसे जाण्याआधी ‘ही साइट धोकादायक आहे’ असं लाल पान आडवं येऊ शकतं. अपडेट असलेला ब्राउझर ती शेवटची हाक देऊ शकतो. ती हाक आबांच्या वाट्याला का येऊ नये?

देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. १९९८ पर्यंत हा भाग धुळे जिल्ह्यातच होता. ओळख, अनुदान, शिष्यवृत्ती, विमा, सगळं ऑनलाइन करताना सरकारनं ‘फोन कोणता आहे’ हे आमच्या माणसांना विचारलं नाही. मग हेही सरकारनंच बघावं: अपडेट असलेल्या कुठल्याही ब्राउझरवर प्रत्येक सरकारी पोर्टल चाललं पाहिजे, आणि सेवा केंद्राच्या कॉम्प्युटरमध्ये कुणाचाही पासवर्ड सेव्ह राहता कामा नये. सक्ती तुमची असेल, तर सुरक्षेची जबाबदारी एकट्या शेतकऱ्याची कशी?