हिरड्यांची शस्त्रक्रिया आणि तीन महिन्यांची साखर

मधुमेही रुग्णाच्या हिरड्यांची शस्त्रक्रिया करायची तर अनेकदा त्या सकाळी बोटाला सुई टोचून साखर पाहतात आणि आकडा बरा आला की कामाला लागतात. हे पुरेसे नाही. तो आकडा त्या घटकेपुरता असतो, जखम मात्र कित्येक आठवडे भरत राहते. साखर दीर्घकाळ चढी असली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात, सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होतात, साखर चिकटून ताठरलेले जुने कोलॅजेन लवकर हटत नाही आणि नवे नीट तयार होत नाही. टाके वरून नीटनेटके दिसले तरी आत जंतुसंसर्ग रेंगाळू शकतो. म्हणून ठरवून करायच्या शस्त्रक्रियेआधी दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ‘एचबीएवनसी’ चाचणी पाहिलीच पाहिजे. सकाळच्या ग्लुकोमीटरचा उपयोग वेगळा: गोळी घेऊन उपाशीपोटी आलेल्याची साखर खुर्चीतच घसरू नये, यासाठी. (जागा बधिर करून होणाऱ्या कामाला उपाशी येण्याची सहसा गरजही नसते.)

यावर रास्त आक्षेप असा, की हिरड्यांतला संसर्गच साखर चढवतो. मग साखर उतरण्याची वाट पाहायची तरी कशी? पण थांबायची असते ती शस्त्रक्रिया, उपचार नव्हे. दातांची आणि मुळांची खोल सफाई लगेच सुरू करता येते. २०२२च्या कोक्रेन आढाव्यात ३५ चाचण्या तपासल्या गेल्या. हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी सरासरी ०.४३ टक्क्यांनी उतरल्याचे त्यात दिसले. औषध न वाढवता एवढी घट मिळत असेल, तर ती लहान नव्हे. शिवाय पुष्कळांना सफाईनंतर शस्त्रक्रिया लागतच नाही. पू साठून सूज आली असेल, तर तो मात्र साखर कितीही असली तरी काढावाच लागतो.

‘मधुमेह आहे ना, मग हिरड्यांना हातच लावू नका,’ हा घरगुती सल्ला तर दुसरे टोक. साखर आटोक्यात असलेल्यांची जखम बहुधा इतरांसारखीच भरते. राहिला खर्चाचा मुद्दा. नियमित उपचार घेणाऱ्या बहुतेकांच्या फायलीत एचबीएवनसीचा अहवाल असतोच. दंतवैद्य तो मागत नाहीत, फिजिशियन हिरड्यांबद्दल विचारत नाहीत, आणि दोघांमधला निरोप्या रुग्णालाच व्हावे लागते.