दादाचं वर्कशॉप, माझा लॅपटॉप

दिवाळीला घरी जाताना लॅपटॉप न्यायचा की नाही, हा आपल्यासारख्यांचा सनातन प्रश्न. 2023 च्या दिवाळीत मी नेला. बरं झालं नेला.

घर म्हणजे वडसा. कागदोपत्री देसाईगंज, जिल्हा गडचिरोली. दिवाळी झाली की इथे दोन गोष्टी जोरात असतात : झाडीपट्टीची नाटकं आणि धानाच्या मिल. माझा मामेभाऊ या मिलची मशिनरी दुरुस्त करतो. वर्कशॉपमध्ये चौदा माणसं. ऐन हंगामात मिल अडली की पहिला फोन दादाला.

पण त्या वर्षी दादाचा मूड ऑफ होता. त्याचे वेल्डर मिस्त्री साठीला आलेले, नजर अधू झालेली. त्यांच्या मागे तयार कोणीच नाही.

"मग आयटीआयचा एखादा मुलगा घे ना," मी म्हटलं.

"घेतला होता ना! सहा महिने शिकवलं, अन् पोट्टा न सांगता हैदराबादले गेला. पैसा माह्या खिशातला, अन् फायदा दुसऱ्याचा!"

मी पुण्यात एचआरमध्ये आहे. अप्रेंटिसचे कागद हे माझं रोजचं काम. पण दादाला वाटायचं, अप्रेंटिस घ्यावेत ते चंद्रपूरच्या वीजकेंद्राने, नाही तर वेकोलिच्या खाणींनी. आपण किस झाड की पत्ती?

मंडळी, खरी गंमत इथेच आहे. अप्रेंटिस कायदा 1961 चा. त्याचे नियम 2019 मध्ये बदलले. तीस किंवा जास्त माणसं असतील तर अप्रेंटिस घेणं सक्तीचं. चार ते एकोणतीस असतील तर ऐच्छिक, पण दार उघडं! मर्यादा एकूण माणसांच्या 15 टक्के. म्हणजे दादाला दोन मुलं घेता येत होती.

मग पैशांचं बोललो. 2019 च्या नियमांत आयटीआय झालेल्या मुलाला महिन्याला किमान 7,000 रुपये विद्यावेतन. केंद्राच्या राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेत सरकारचा वाटा 25 टक्के, पण जास्तीत जास्त 1,500. म्हणजे दादाच्या खिशातून एका मुलामागे 5,500. पूर्वी मालकाने सगळे पैसे द्यायचे आणि मग परतावा मागत बसायचं. ऑगस्ट 2023 पासून सरकारचा वाटा थेट मुलाच्या बँक खात्यात जायला लागला. छोट्या माणसाचे पैसे अडकणं संपलं.

"पंधराशे?" दादा हसला. "तेवढ्याचा तर चहा होते इथं."

हसण्यासारखंच होतं. पण दोन मुलांचे वर्षाला 36,000 होतात. शिवाय करार ठरावीक मुदतीचा. शेवटी परीक्षा आणि देशभर चालणारं सर्टिफिकेट. ते हवं असेल तर मुलगा मध्येच पळत नाही. पीएफची कटकट नाही, नंतर नोकरी द्यायची सक्तीही नाही. मात्र तो शिकायला आलेला असतो, झाडू मारायला नाही.

भाऊबीजेच्या दुपारी ओटीवर बसून दादाचं वर्कशॉप पोर्टलवर नोंदवलं. पॅन, बँक खातं, ट्रेड, करार. आम्ही ऑफिसात डोळे मिटून भरतो असे फॉर्म. दादाला मात्र त्याचीच धास्ती होती. पैशांपेक्षा जास्त!

आणि सरकार जे देत नाही, ते मिस्त्रींनी दिलं : वेळ. पहिले काही महिने मुलांनी जोडलेलं बरंचसं पुन्हा तोडावं लागलं. त्याची भरपाई कुठल्याही योजनेत नाही.

वर्ष संपलं. एक मुलगा सर्टिफिकेट घेऊन चंद्रपूरकडे सिमेंट कारखान्यात गेला. दुसरा राहिला. गेल्या हंगामात मिल अडली तेव्हा रात्री दोन वाजता एलेव्हेटर त्यानेच जोडला. मिस्त्री फक्त बॅटरी धरून उभे होते.

"एक गेलाच ना शेवटी?" मी दादाला चिडवलं.

"गेला. पण यावेळी पाया पडून गेला."

तुमच्याही गावी असा एखादा दादा, काका, मामा असेलच. पुढच्या सुट्टीत लॅपटॉप न्या. आकडे बदलत असतात, तेव्हा त्या दिवशीचे दर पोर्टलवर बघा आणि फॉर्म भरून द्या. नाटकाची तिकिटं ते काढतीलच!