जमिनीचा पैसा कोणत्या खात्यात?

अकरावीच्या वाणिज्य वर्गात ‘पुस्तपालन आणि लेखाकर्म’ या विषयाचा आरंभ झाला की विद्यार्थ्याच्या हाती लवकरच तीन नियम येतात. घेणाऱ्याचे खाते नावे, देणाऱ्याचे जमा. येणारी वस्तू नावे, जाणारी जमा. खर्च आणि तोटा नावे, उत्पन्न आणि लाभ जमा. नियम अचूक आहेत. ते पाठ करून परीक्षाही उत्तीर्ण होता येते. परंतु हे सारे कशासाठी, हे मात्र पुष्कळांना अखेरपर्यंत उमगत नाही. हिशेबशास्त्र म्हणजे बेरजा जुळविण्याची कटकट, अशी समजूत घेऊनच ते वर्गाबाहेर पडतात. या अज्ञानाची किंमत केवळ गुणपत्रिकेत मोजावी लागती, तर चिंतेचे कारण नव्हते. नव्या मुंबईतील शिरवणे गावासारख्या ठिकाणी ती याहून फार मोठी असते.

शिरवण्याच्या एका अंगाला ठाणे-बेलापूर पट्ट्यातील औद्योगिक वसाहत आहे आणि दुसऱ्या अंगाला नेरूळची उपनगरे. सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली आणि नव्या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. त्यांत हे गावही होते. भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी-कोळी समाजाच्या हाती जमिनीऐवजी रोख रक्कम पडली. ती अपुरी होती. न्याय्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या लढ्यात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच आंदोलकांना प्राण गमवावे लागले. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली आणि त्या भूखंडांच्या व्यवहारांतून कित्येक घरांत पुन्हा पैसा आला. अन्याय मोबदल्याच्या दरात होता, हे निर्विवाद आहे. परंतु जो पैसा आला तो नेमका कशाचा, हा प्रश्न त्याहून वेगळा आहे आणि त्याचे उत्तर हिशेबशास्त्राच्या पहिल्याच धड्यात सापडते.

द्विनोंदी पद्धतीचे मर्म एवढेच, की प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात व्यापाऱ्यांच्या या पद्धतीची मांडणी केली. घरात रोकड आली, तर दुसऱ्या बाजूला काय गेले? जमीन विकून रोकड आली असेल, तर मालमत्तेचे केवळ रूप बदलले. मिळकत झाली नाही. ही भांडवली जमा होय. पगार, भाडे, व्याज या महसुली जमा होत. पहिलीवर हात टाकणे म्हणजे मुद्दल खाणे. दुसरी खर्चण्यास हरकत नाही. जॉन हिक्स या अर्थशास्त्रज्ञाने १९३९ मध्ये उत्पन्नाची जी व्याख्या केली तिचाही आशय हाच: आठवड्याच्या आरंभी माणूस जितका संपन्न होता तितकाच शेवटी राहून त्याला जेवढे खर्चता येईल, तेवढेच त्याचे उत्पन्न.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका कुटुंबाने भूखंड विकून २० लाख रुपये मिळविले. पाच लाख लग्नात खर्च झाले, आठ लाखांची गाडी आली, सात लाख बँकेत ठेवले. सात टक्के दराने वर्षाचे व्याज ४९ हजार. गाडीवर दहा टक्के घसारा धरला तर तो ८० हजार. म्हणजे घरखर्चाचा एकही रुपया न धरता व्याजापेक्षा घसारा ३१ हजारांनी अधिक झाला. लग्नाचा खर्च वजा जाता वर्षअखेरीस भांडवल उरले १४ लाख ६९ हजार. दारात गाडी उभी असते, पासबुकात लाखांचे आकडे असतात; म्हणून घर सधन झाल्यासारखे दिसते. ताळेबंद मात्र वेगळे सांगतो. लग्न करू नये किंवा गाडी घेऊ नये, असा त्याचा उपदेश नाही. भांडवलाचा किती भाग गेला एवढेच तो दाखवितो.

नवख्याला गोंधळात टाकणारी आणखी एक गोष्ट याच पासबुकात असते. बँकेत पैसे भरले की आपल्या वहीत बँकेचे खाते नावे पडते. पासबुकात मात्र तीच रक्कम ‘जमा’ दिसते. वही कोणाची, हे विचारले की कोडे सुटते. पासबुक हा बँकेच्या वहीचा उतारा असतो आणि त्यातील ‘जमा’चा अर्थ, बँक एवढे पैसे देणे लागते, असा आहे. हे ज्याला उमगले तो साहजिकच पुढे विचारतो, की हे देणे फेडण्यासाठी बँकेकडे येणे किती आणि कोणाकडून? पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये रद्द केला, तेव्हा या प्रश्नाचे महत्त्व ठेवीदारांना फार उशिरा कळले. ठेव विम्याचे संरक्षण २०२० पासून पाच लाख रुपयांपर्यंत आहे. त्यावरील रकमेची भिस्त बँकेच्या वसुलीवरच राहते.

हे ज्ञान ग्रामीण माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे, असे म्हणणे त्याच्यावर अन्याय करणारे ठरेल. बियाण्याचे भात आणि खाण्याचे भात वेगळे ठेवणाऱ्या शेतकऱ्याला भांडवल आणि उत्पन्न यांतील भेद कोणी शिकविण्याची गरज नव्हती. कितीही ओढ असली तरी बियाण्याला हात लागत नसे. भाताच्या जागी धनादेश आला आणि हा भेद दिसेनासा झाला. धनादेशावर ‘हे बियाणे आहे’ असे लिहिलेले नसते. शासनाने मोबदला वाटला. पण ही ओळख करून देण्याची जबाबदारी मात्र कोणी घेतली नाही.

म्हणूनच प्रश्न शिकविण्याच्या क्रमाचा आहे. तीन नियमांपासून आरंभ करून ताळेबंद वर्षाच्या शेवटी दाखविण्याऐवजी प्रथम विद्यार्थ्याला स्वतःच्या घराचा ताळेबंद मांडावयास लावावे: एका बाजूस घर, दागिने, ठेवी, दुसरीकडे कर्ज आणि उसनवारी, उरते ते भांडवल. मग एकेका व्यवहाराने हे चित्र कसे पालटते ते दाखवावे. कीर्द, खतावणी आणि तेरीज त्यानंतर आपोआप अर्थपूर्ण होतात आणि नियमही पाठ करावे लागत नाहीत. आता खतावणीचे काम संगणक क्षणात करतो. परंतु आलेली रक्कम भांडवली की महसुली, हे त्याला माणसानेच सांगावे लागते.

शिवाय हा विषय मुख्यतः वाणिज्य शाखेपुरता राहावा, यालाही अर्थ नाही. कला आणि विज्ञान शाखांचे पदवीधर उद्या गृहनिर्माण संस्थेचे, पतपेढीचे सभासद होणारच असतात आणि वार्षिक सभेत मांडलेल्या ताळेबंदाला हात वर करून मंजुरी देणारच असतात. बचत गटातील महिलांना नोंदवहीचे जे शिक्षण मिळते, ते महाविद्यालयीन तरुणांना मिळू नये, ही विसंगती आहे. नव्या मुंबईतील महाविद्यालयांनी गावठाणांतील शाळांत सायंकाळी असे वर्ग चालविले, तर खर्च फारसा येणार नाही. शेजारच्या जिल्ह्यांत महामार्ग, बंदरे आणि नवी नगरे यांसाठी जमिनींचे संपादन चालूच आहे. तेथील शेतकऱ्याला दर न्याय्य मिळालाच पाहिजे. आणि मिळालेल्या रकमेतील बियाणे कोणते व दाणे कोणते, हे धनादेश वठण्यापूर्वीच त्याला कळले पाहिजे.