आधी डोळे तपासा!

मानसशास्त्राच्या तासाला ‘प्रयोगशाळेतील उंदरांची वर्तन-तपासणी’ हे शब्द प्रथम कानी पडले, तेव्हा शेवटच्या बाकावर हशा पिकला. त्यात मीही होतो. घरी आईला सांगितले, तर ती म्हणाली, “त्यांची कसली रं तपासणी? कणगी कुठनं कुरतडायची ते बरोब्बर कळतंय मेल्यांना.” आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे माझ्या अभ्यासक्रमावर अशी परखड टीका नित्य होत असते. असो.

पुढे ग्रंथालयात बसून थोडे वाचले आणि हसू मावळले. इंग्लंडमध्ये १९९७ साली काही शास्त्रज्ञांनी ‘शिरपा’ नावाची तपासणी-पद्धत मांडली. (शिरपूरशी तिचा काही संबंध नाही!) मज्जासंस्थेत वा वर्तनात बिघाड असलेले उंदीर शोधून काढणे हा तिचा हेतू. तिचे टप्पे तीन. पहिल्यात महागडे यंत्र जवळजवळ नाहीच. उंदराला पारदर्शक बरणीत ठेवून नुसते पाहायचे. तो बसतो कसा, थरथरतो का? मग मोकळ्या पेटीत सोडून त्याची चाल पाहायची. टिचकीसारखा आवाज करून तो दचकतो का, ते टिपायचे. शेपटीने धरून खाली आणताना तो पुढचे पाय पसरतो का, यावरून दृष्टीचा अंदाज घ्यायचा. शिकणे, स्मरण, भीती यांच्या परीक्षा थेट तिसऱ्या टप्प्यात!

हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटला. रिचर्ड मॉरिस यांची हौदाची परीक्षा प्रसिद्ध आहे. पांढुरक्या पाण्याखाली एक चौथरा दडवलेला असतो आणि भोवतालच्या खुणा पाहून पोहणाऱ्याने तो लक्षात ठेवायचा असतो. आता, उंदरांच्या ‘सी-थ्री-एच’ आणि ‘एफव्हीबी’ या वाणांत बहुधा असा आनुवंशिक दोष असतो, की पिलू महिन्याचे होईतो त्याच्या डोळ्यांतील पडदा निकामी होतो. असे पिलू हौदात भटकत राहते. काठावर वही घेऊन बसलेला माणूस लिहितो : स्मरणशक्ती कमी.

हे वाचताना मला पाचवीचा वर्ग आठवला. फळ्यावरचे मला दिसत नसे. सगळ्यांनाच असे धुरकट दिसते, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. प्रगतिपुस्तकावर ‘बुद्धी मंद’ असा शेरा आला. बापूंना बोलावून, “याला कामाला लावा,” असा सल्लाही मिळाला. बापूंना तो शेरा वाचता येत नव्हता. मीच वाचून दाखवला. सातवीत गावात नेत्रतपासणी शिबिर भरले आणि चष्मा लागला. शिबिर भरले नसते, तर आज हा लेख कोणी लिहिला असता?

कोणी म्हणेल, मुलांची तुलना उंदरांशी करू नये. मान्य. पण निदान उंदराइतकी तरी काळजी मुलांची घ्यावी की नाही? १९९९ साली अल्बनी, एडमंटन आणि पोर्टलंड येथील तीन प्रयोगशाळांनी त्याच वाणांच्या उंदरांवर त्याच परीक्षा, शक्य तितके सारे सारखे ठेवून घेतल्या. तरी काही निकाल जुळले नाहीत. इतका बंदोबस्त करूनही खोली बदलली की निकाल हलतो. मग गळक्या वर्गात, अनोळखी माणसासमोर, पुस्तकी मराठीत विचारलेल्या प्रश्नांवरून पोराची बुद्धी ठरवताना आपला हात जरासुद्धा कसा थरथरत नाही?

आमच्या विभागातर्फे दरवर्षी जवळच्या शाळेत बुद्धिमापन चाचण्या घेतल्या जातात. गुरुजनांनी राग मानू नये, पण गेल्या वर्षी मीही त्या घेतल्या आणि तेवीस मुलांपैकी एकालाही “तुला हे दिसतंय का?” असे विचारले नाही. मी, ज्याने विचारायला हवे होते, तोच विसरलो. यंदा चाचणीआधी अक्षरांचा तक्ता भिंतीवर लावावा आणि प्रत्येकाला पाठमोरे उभे करून हळू आवाजात हाक मारून पाहावी. तक्ता स्टँडजवळच्या चष्म्याच्या दुकानातून मी मागून आणतो. मालकांशी बोलणे झाले आहे.