८१ किलोची मालगाडी

आमच्या भिलाई-३ मध्ये रात्री झोप लागते तीच मालगाड्यांच्या आवाजात. शेजारी चरोद्याचं मार्शलिंग यार्ड, इलेक्ट्रिक लोको शेड आणि हावडा-मुंबई मार्ग. त्यामुळे माझ्या धाकट्या भावाला गेमही आवडतो तो रेल्वेचाच. या सुट्टीत त्याने त्यात एक उद्योग करून ठेवला. त्यावरूनच आजचा विषय: गेममध्ये बदल करायचा तर तयार मॉड घ्यावा, की स्वतः फाइल उघडून आकडे बदलावेत?

आधी मॉड म्हणजे काय ते पाहू. गेम बनवणाऱ्या कंपनीने जे दिलं नाही, ते खेळणाऱ्यांनीच बनवून गेमला जोडायचं, तो मॉड. मायक्रोसॉफ्टचा ‘ट्रेन सिम्युलेटर’ २००१ मध्ये आला, तेव्हा त्यात ६ मार्ग होते. ते अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रिया आणि जपानमधले, भारताचा एकही नाही. मग आपल्याकडच्या रेल्वेवेड्यांनी भारतीय इंजिनं, डबे आणि मार्ग बनवले. ‘ओपन रेल्स’ या मोफत सिम्युलेटरमध्येही असे मॉड चालतात. ‘काउंटर-स्ट्राइक’सारखा जगभर खेळला जाणारा गेमसुद्धा १९९९ मध्ये ‘हाफ-लाइफ’चा मॉड म्हणूनच सुरू झाला होता.

आता भावाची गोष्ट. शेजारचे काका निवृत्त लोको पायलट. संध्याकाळी आमच्याकडे येऊन ते कॉम्प्युटरवर मालगाडी चालवतात. एकदा म्हणाले, “अरे, डब्यात कोळसा दिसतोय, पण गाडी रिकामी असल्यासारखी पळतेय!” त्यांचं बरोबर होतं. कोळशाचा बॉक्सएन डबा रिकामा असतो सुमारे २२.५ टनांचा आणि भरलेला सुमारे ८१ टनांचा. मॉड बनवणाऱ्याने चित्र भरलेल्या डब्याचं दिलं आणि वजन रिकाम्याचं.

भावाने डब्याची फाइल नोटपॅडमध्ये उघडली. वजनाची ओळ शोधली, ८१ लिहिलं आणि सेव्ह केलं. पण आकड्यापुढचं टनाचं अक्षर त्याच्याकडून खोडलं गेलं. एकक दिलं नाही, तर गेम तो आकडा किलो समजतो. म्हणजे कोळशाने भरलेला डबा ८१ किलोचा, काकांपेक्षाही हलका! इंजिन सुरू करताच गाडी अशी सुसाट सुटली की काका खुर्चीतच मागे सरकले. दुरुस्तीच्या नादात भावाने ब्रेकचेही आकडे बदलले. मूळ फाइलची प्रत ठेवली नव्हती, जुने आकडे आठवेनात. काकांची गाडी चार दिवस बंद.

मग चूक कोणाची? फाइल उघडणं ही चूक नव्हती. उलट वजन, ब्रेक, इंजिनाची ताकद यांचा एकमेकांशी काय संबंध असतो, हे भावाला त्या चार दिवसांत नीट कळलं. तयार मॉडमधून हे कळत नाही. मॉडची सोय वेगळी: वेगळ्या फोल्डरमध्ये बसवलेला मॉड नको असेल तर काढून टाकता येतो. मूळ फाइलवरच सेव्ह केलं, की परतीची वाट बंद.

ओपन रेल्समध्ये यावर छान उपाय आहे. डब्याच्या फोल्डरमध्ये ‘ओपनरेल्स’ नावाचं आणखी एक फोल्डर करायचं. त्यात त्याच नावाची छोटी फाइल ठेवायची. तिच्यात सुरुवातीला मूळ फाइल वाचण्याची सूचना आणि खाली फक्त बदललेल्या ओळी. मूळ फाइल जशीच्या तशी राहते. इतर गेममध्ये अशी सोय नसेल, तर आधी प्रत काढा, एका वेळी एकच आकडा बदला आणि काय बदललं ते वहीत लिहा.

मोबाइलवर खेळणाऱ्यांनी मात्र एक फरक लक्षात घ्यावा. ‘अमर्याद नाणी’ देणारं मॉड एपीके म्हणजे गेममध्ये घातलेली भर नव्हे. ते कोणीतरी फोडून पुन्हा बांधलेलं अख्खं अ‍ॅप असतं. त्यात आणखी काय घातलंय, हे आपल्याला दिसत नाही. गेमने एसएमएस किंवा कॉन्टॅक्टची परवानगी मागितली, तर तिथेच थांबा. आईबाबांच्या फोनवर बँकेचं अ‍ॅप असेल, तर अशा फाइलच्या वाटेला जाऊच नका. ऑनलाइन गेममध्ये फेरफार केल्यास खातंही बंद होऊ शकतं.

शेवटी मित्राकडून मूळ मॉड पुन्हा मिळाला. भावाने या वेळी वेगळी फाइल केली आणि टनाचं अक्षर तीनदा तपासलं. काकांनी गाडी सुरू केली. ती जागची हलायलाच वेळ लागला. काका खूश होऊन म्हणाले, “आता भरलेली वाटतेय! आणि हे बघ, इंजिनात आमचं लॉगबुक असायचं. काय बिघडलं, ते लिहिल्याशिवाय आम्ही खाली उतरत नसू.”

भावाच्या टेबलावर आता एक वही आहे. पहिल्याच पानावर लिहिलंय: ८१ नव्हे, ८१ टन.