पैसा सातबाऱ्याला, घाम मक्तेदाराचा

५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान वाशीमला आले आणि पीएम-किसानचा १८वा हप्ता सुटला. सोबत राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचा हप्ताही. केंद्राचे वर्षाला ६,००० आणि राज्याचे ६,०००. वऱ्हाडात गावोगावी मोबाइल वाजले. पण ज्यांनी मक्त्यानं वावर घेऊन त्या हंगामात कपाशी निंदली, सोयाबीन फवारलं, त्यांचे वाजले नाहीत.

पीएम-किसानच्या लेखी १ फेब्रुवारी २०१९ रोजी ज्याच्या नावावर शेतजमीन, तो शेतकरी. आमच्यासारखे सरकारी पगार घेणारे वगळले, ते बरोबरच. पण अकोल्यात दुकान चालवणारा, बांधावर वर्षानुवर्षे पाय न ठेवणारा मालक प्राप्तिकर भरत नसला की पात्र. त्याचंच वावर करणारा, पाडव्याच्या सुमारास मक्त्याची रक्कम रोख मोजणारा माणूस अपात्र!

आणि प्रश्न फक्त १२,००० रुपयांचा नाही. हमीभावानं कापूस विकायचा? पीकपेऱ्याची नोंद असलेला सातबारा दाखवा. अतिवृष्टीची मदत? खातेदाराच्या खात्यात. पीकविमा? नोंदणी केलेला भाडेकरार आणा. आता शेतकरी ओळख क्रमांक आला, तोही जमिनीच्या नोंदीला जोडलेला. मक्तेदारानं गळफास घेतला आणि घरात कुणाच्याच नावावर जमीन नसली, तर एक लाखाच्या मदतीचं प्रकरणही अपात्र. जिवंतपणी शेतकरी नाही, मेल्यावरही नाही.

"मग लेखी करार करा ना," असं अधिकारी म्हणतात. मालक सही करत नाही. विदर्भाचा १९५८ चा कूळ कायदा त्याला आठवतो, जमीन जाईल अशी भीती वाटते. ती भीती सरकारनंच दूर करायची आहे, मक्तेदारानं नाही.

आपल्या लोकांत एक वाक्य नेहमी ऐकतो: "आपल्याला कोण देणार?" माफ करा, पण इथं हे वाक्य चुकीचं आहे. या अर्जात धर्माची अट नाही, जमिनीची आहे. बाळापूर-अचलपूरकडचा भूमिहीन मुसलमान बाहेर आहे, तसाच भूमिहीन बौद्ध, तसाच अर्ध्या एकरावर भागत नाही म्हणून चार एकर मक्त्यानं करणारा कुणबी त्या चार एकरांपुरता बाहेर आहे. नवऱ्याच्या माघारी नाव न चढलेली विधवाही. हे गाऱ्हाणं एकट्या मोहल्ल्याचं करून ठेवलं तर ते मोहल्ल्यातच मरेल.

"मक्तेदारांना पैसे दिले तर बोगस नावं घुसतील," हा दुसरा आक्षेप. घुसतील, काही. सातबारावाल्यांतही घुसली होती; प्राप्तिकर भरणाऱ्यांकडून वसुली करावी लागली. म्हणून योजना बंद केली का? ओडिशानं 'कालिया' योजनेत बटाईदार आणि भूमिहीन घेतले. आंध्र प्रदेशनं २०१९ च्या कायद्यानं कसणाऱ्याला ११ महिन्यांचं कार्ड दिलं. त्यानं मालकी हक्काला धक्का लागत नाही. त्यातही मालकाची संमती लागते, म्हणजे अडचणी आहेतच. पण निदान कसणारा माणूस कागदावर आला.

२००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणानं कुळं, बटाईदार आणि शेतमजूर यांनाही शेतकरीच म्हटलंय. व्याख्या तयार आहे, अंमल नाही. कोणतं वावर कोण करतो हे तलाठ्याला, कृषी सहायकाला आणि साऱ्या गावाला ठाऊक असतं. ग्रामसभेत मक्तेदारांची यादी वाचा, हरकती घ्या, नोंद करा. पुढच्या ग्रामसभेला जाल तेव्हा हा ठराव मांडा, आणि मांडताना शेजारच्या कुणब्याला, बौद्धाला सोबत घेऊन जा.