नाव देणे आणि नावे ठेवणे



बरकतपुऱ्यातील एका तरुणाने हिमालयात टिपलेली फुलांची छायाचित्रे मजपुढे ठेविली. “फादर, ही सारी प्रिमरोजच ना?” मी तत्काळ होकार दिला. रात्री पुस्तक उघडले, तो एका गुलाबी फुलास चारच पाकळ्या, त्याही सुट्या! ते इव्हनिंग प्रिमरोज. मूळचे अमेरिकेचे, नावापुरतेच नातलग. खऱ्या प्रिमरोजच्या बहुधा पाच पाकळ्या तळाशी जुळून त्यांची नळी होते. त्यातील जात ओळखण्यास पानाची कड, त्यावरील भुकटी, फुलामागचा हिरवा कोश हेही पाहावे लागते. समोरून घेतलेल्या चित्रात ते दिसत नाही. काश्मीरच्या फुलांवर ग्रंथ लिहिणारे येशूसंघीय फादर ब्लाटर (१८७७–१९३४) यांच्या नावाचा वनस्पतिसंग्रह मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात आहे. तेथे वाळविलेली रोपे जपली आहेत, ती अशाच बारकाईने पडताळण्यासाठी.

फुलाविषयीची चूक पुस्तकाने सुधारली. पण मिस्साला नित्य उशिरा येणाऱ्या एका गृहस्थास मी मनोमन आळशी ठरविले होते. अंथरुणास खिळलेल्या आईला न्हाऊ-जेवू घालून तो येतो, हे मला फार उशिरा कळले. त्याची क्षमा मी मागितली आहे. आपणही या आठवड्यात कोणास नावे ठेवण्यापूर्वी त्याच्या घरी एकदा जाऊन यावे.